पाच नंबरची मागणी

आमच्या वर्गातल्या मुलींच्या पाण्याच्या बाटल्या सकाळी भरून यायच्या आणि संध्याकाळी भरलेल्याच घरी जायच्या. नव्वदच्या दशकातली, कोल्हापुरातल्या एका साध्या हायस्कुलातली ही गोष्ट. मुलींसाठी म्हणून शाळेमागे पत्र्याचा एक आडोसा होता. त्याला दार नव्हतं, आत पाणी नव्हतं, आणि मुलांच्या क्रिकेटचा चेंडू नेमका तिकडेच जायचा. म्हणून आम्ही पाणीच प्यायचो नाही. दिवसभर घसा कोरडा ठेवून आम्ही पाण्याच्या महत्त्वावर निबंध लिहिले आणि वर चांगले मार्कही मिळवले.

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण आजऱ्याकडची. शिकायला म्हणून मामाकडे राहायची. दहावीच्या वर्षी दिवाळीच्या आत तिला तीनदा उन्हाळी लागली. लघवीला आग, अंगात ताप, आठवडा आठवडा अंथरुणात. मामीनं एकदा सांगून टाकलं, "आता परत पडलीस तर गावाकडं धाडनार बघ. मला न्हाय निस्तरत." मामी वाईट नव्हती, तिची स्वतःची तीन पोरं होती. पण गावाकडं धाडणं म्हणजे शाळा संपणं, हे आम्हा दोघींना पक्कं माहीत होतं.

तेवढ्यात शाळेनं ठरवलं, की भागातल्या पुढाऱ्यांना बोलवायचं आणि विद्यार्थ्यांनी आपल्या तोंडानं अडचणी मांडायच्या. माझा आवाज खणखणीत, म्हणून मांडायला मी. आम्ही दोघींनी बसून यादी केली. पहिल्याच ओळीत लिहिलं: मुलींना दार आणि पाणी असलेली मुतारी. हेडमास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला आणि म्हणाले, "पाहुण्यांपुढं बरं दिसत नाही ते." त्यांनी ती मागणी पाच नंबरला नेली आणि तिला 'विद्यार्थिनींसाठी आवश्यक सुविधा' असं सोवळं नेसवलं. पहिल्या नंबरावर प्रवेशद्वाराची कमान आली. ती आमच्यापैकी कुणीच मागितली नव्हती.

मी चिडले. मैत्रीण म्हणाली, "पाचवी तर पाचवी. तू बोल म्हंजे झालं."

आमच्याकडे माणूस बोलवला की आधी सत्कार, मग काम. सत्कार म्हणजे शाल आणि नारळ तर झालंच, पण फेटा हवाच. नगरसेवक आले, त्यांच्याबरोबर तालमीचे अध्यक्ष आले, आणि ज्यांना बोलवलंच नव्हतं ते माजी नगरसेवकही आले. एकाच्या डोक्याला फेटा आणि दुसऱ्याचं डोकं मोकळं, असं करून कोल्हापुरात कुणाला सुखानं नांदता येत नाही. फेटा बांधणारा एकटाच, आणि कामाचा चोख. एकेक चुणी बोटानं बसवत होता. नारळ एक कमी पडला, तो येईपर्यंत आमच्याकडून स्वागतगीत दुसऱ्यांदा म्हणून घेतलं. मग फेटा बांधलेला प्रत्येकजण 'दोन शब्द' बोलला. माझं नाव पुकारलं तेव्हा ऊन मांडवाच्या आत आलं होतं आणि पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांच्या खांद्यावर झोपली होती.

मी कमानीचा मुद्दा वाचला. नगरसेवकांनी माइक ओढून घेतला. "कमान झालीच म्हणून समजा की." टाळ्या पडल्या. दुसरा मुद्दा शाळेपुढच्या गतिरोधकाचा. "बघूया." तिसरा गळक्या पत्र्यांचा मी वाचत होते, तोवर त्यांचा माणूस त्यांच्या कानाला लागला. कुठल्याशा लग्नात अक्षतांना पोचायचं होतं. साहेब उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ऱ्हायलेलं लिवून दे, पोरी. लई झ्याक बोलतीस."

मैत्रीण तिसऱ्या रांगेत होती. ती साहेबांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. माइक माझ्यापुढे चालूच होता. एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो? साहेब पायरी उतरेपर्यंत माझं बोलून झालं असतं. पण माझ्या हातात नंबर घातलेला कागद होता, आणि तिसऱ्यानंतर चौथा येतो एवढंच मला शिकवलेलं होतं. हेडमास्तर आभार मानायला पुढे आले आणि मी कागदाची घडी घातली. पुढाऱ्यांवरचा माझा राग केव्हाच विझला. स्वतःवरचा तेवढा अजून जात नाही.

कमान मात्र झाली. माणूस शब्दाचा पक्का निघाला. वर्ष संपायच्या आत ती रंगवूनही झाली. मैत्रिणीनं ती पुरी झालेली पाहिली नाही. सहामाहीनंतर ती चौथ्यांदा आजारी पडली, आणि मामानं तिला ट्रंकेसकट एसटीत बसवलं.

दहाएक वर्षांनी ती मला गडहिंग्लजच्या स्टँडवर भेटली. नेसरीकडे दिली होती. कडेवर मुलगी होती. तोवर मी आमच्याच शाळेत शिक्षिका झाले होते, हे तिला कुणाकडून तरी कळलं होतं. बोलता बोलता तिनं विचारलं, "कमान हाय न्हवं अजून?"

"हाय की."

"आनि मागलं?"

मी समोरच्या गाडीची पाटी वाचत राहिले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "ही बी जाईल आता शाळंत," पोरीकडं बघून ती म्हणाली आणि गाडीत चढली.

त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या वर्गातल्या मुलींनी नगरसेवकांना द्यायला निवेदन लिहिलं. मी लाल पेन घेऊन तपासायला बसले. शुद्धलेखन सुधारलं, 'साहेब'ला 'माननीय' जोडलं. शेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली, "बाई, हे खाली का घेतलं?"

मी बघितलं. पहिल्या ओळीतल्या मुतारीपुढचा एकचा आकडा खोडून मी तिथं पाच लिहिला होता.

"पाहुण्यांपुढं बरं दिसत..." एवढं तोंडातून गेलं आणि मी थांबले. मग बाकीच्या चारही मागण्यांवर काट मारली. राहिलेली एकच ओळ मुलींनी नव्या कागदावर उतरवली. फेटा नको म्हणून मी मुख्याध्यापकांशी भांडले, आणि आम्ही रिकाम्या हातांनी जाऊन तो कागद देऊन आलो. नगरसेवकांनी वाचला. "बघूया," म्हणाले.

त्याला आता तिसरा पावसाळा झाला. मी आठवण करून द्यायला जाते, हल्ली जरा कमी जाते. दमायला होतं. घरी आले की पर्समधली पाण्याची बाटली काढते. ती भरलेलीच असते. झाकण उघडून दारातल्या कुंडीत ओतते आणि दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा भरून ठेवते.