दाखल्यावरचा जिल्हा

वडील गेले तेव्हा मी दीड वर्षाचा. आई मला घेऊन मुंबईला मामाकडे आली आणि सासरचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. तीही गेल्यावर ट्रंकेत वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला. त्यावर गावाचं नाव होतं, 'जिल्हा रत्नागिरी' होतं आणि तालुक्याच्या जागी वाळवीनं पाडलेलं भोक. नव्वदनंतर नोकरीसाठी बहारीनला आलो तो हा दाखला बॅगेत घालूनच. मला जमीनजुमला नको होता. आपल्या रक्ताचं कुणीतरी या जगात आहे, एवढं कळलं असतं तरी पुरे होतं.

उम्म अल हस्सममधल्या आमच्या फ्लॅटमध्ये सगळे रत्नागिरीचे. सुट्टीवर निघालेल्याच्या बॅगेत बाकीच्यांची पत्रं जायची, त्यात मी माझी चौकशी घुसडायचो. उत्तर ठरलेलं: या आडनावाचं इथं घर नाही. एका सुट्टीत मी स्वतः जिल्ह्यातली त्या नावाची तिन्ही गावं पालथी घातली. तिन्हीकडे चहा मिळाला, आपलं माणूस मिळालं नाही. परत आलो आणि चिडून दाखला गादीखाली सारला. शुक्रवारी बाकीचे घरी फोन करायला रांग लावायचे, तेव्हा मी कपडे धुवायचो. धुवून झालेलेही पुन्हा धुवायचो.

सित्राला कामावर नेणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये चार वर्षं माझ्या शेजारी सिंधुदुर्गातला एक वेल्डर बसायचा. त्याच्या मालवणीची मी टिंगल करायचो, पण तो आपल्या जिल्ह्याचा नाही म्हणून गावाबद्दल त्याला कधी विचारलंच नाही. एकदा वाटेत तुबलीला बस बंद पडली. रस्त्याकडेला उन्हात उभे असताना मी सहज त्याला सगळं सांगितलं. ऐकून तो म्हणाला,

"माझ्या बापाशीच्या दाखल्यार पण रत्नागिरीच आसा. घर थयच ऱ्हवला, जिल्हो बदललो. तुका कोणी सांगूक नाय रे?"

एक्याऐंशीत रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण जुन्या कागदावरचं नाव खरं धरून मी वडिलांचं गाव आजच्या रत्नागिरीत शोधत बसलो, इतका मी शहाणा. त्या नावाचं एक गाव वेल्डरच्या घरासमोर, खाडीपलीकडे होतं.

तो सुट्टीवर गेला तो माझं पत्र घेऊन. महिन्यानं परतला आणि बसमध्ये नेहमीसारखा शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, काका सापडले, वडिलांचे धाकटे भाऊ. पत्र त्यांनी ओसरीवर दोनदा वाचून घेतलं. आईनं कधी काही कळवलं नव्हतं, आणि पोरही तापानं गेलं, अशी बातमी मुंबईहून कुणीतरी आणली होती. तेव्हापासून दर पितृपक्षात त्या घरी वडिलांच्या पानाशेजारी आणखी एक लहान पान वाढत होते.

"तां तुझ्या नावाचा," तो खाली बघत म्हणाला.

मला राग यायला हवा होता. आला नाही. इतकी वर्षं मी कुणाचाच नाही म्हणून कुढत एकटा जेवत होतो, आणि एका घरात दरवर्षी माझं पान वाढलेलं होतं.