‘स्व.’च्या रकान्यातलं घर

पांढुर्णा जिल्हा झाला आणि आमच्या घरमालकाच्या चेहऱ्यावर थेट कलेक्टरचं तेज आलं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, अंधारा जिना, नळ खाली. तरी एकाच वर्षात त्याने दोनदा भाडं वाढवलं. आता मोठमोठे साहेब लोक येऊन राहिले, तुम्हाला परवडत नसेल तर सांगा, असं तो वर हसून म्हणाला. मी शाळेत शिकवते, पगार सरकारी, त्यामुळे तसं परवडत होतं. परवडत नव्हता तो जिना. आईला विसर पडायला लागला होता. तो जिना उतरून ती दोनदा निघून गेली, आणि दुसऱ्या वेळी तर जाम नदीच्या पुलावर सापडली. मी तिला घरी चल म्हटलं, तर म्हणाली, मी घरच शोधून राहिले.

तळमजल्याचं, बंद अंगणाचं घर पाहिजे होतं. शिवाय ते स्वस्त पाहिजे होतं, कारण मी शाळेत असताना आईजवळ बसणाऱ्या बाईचा पगारही माझ्याच पगारातून जायचा. मग मी रीतसर तुलना करायला बसले. मला तुलना करायची खोडच आहे. भाजीवालेसुद्धा मला बघून तोंड फिरवतात. सावरगाव म्हणजे नदीपलीकडचं पांढुर्णाच. भाडं थोडं कमी, पण मध्ये तोच पूल. रामाकोन्याला टॅक्स नावापुरता आणि भाडं तर लोक लाजत लाजत सांगत, पण आईला काही झालं तर डॉक्टर सौंसरलाच. राहिलं सौंसर. माझी शाळाही त्याच बाजूची.

सौंसरला गल्लीगल्लीत दर वेगळा. बसस्टँडच्या बाजूला महाग, मागे कापसाच्या शेतांकडे सरकत गेलं की उतरत जातो. नगरपालिकेचा करही तसाच, भागाभागाने ठरलेला. नागपूरचे नातेवाईक त्याला घरपट्टी म्हणतात, आमच्याकडे मध्य प्रदेशात पावतीवर हिंदीतून संपत्तिकर असतं. मालक स्वतः राहत असेल तर कर निम्मा, भाडेकरू ठेवला तर पुरा. आणि बहुतेक मालक तो पुरा कर भाडेकरूच्याच गळ्यात घालतात.

मागच्या गल्लीतलं एक घर मात्र माझ्या सगळ्या आकड्यांत बसेना. तीन खोल्या, मागे भिंतीने बंद केलेलं अंगण, संत्र्याचं एक झाड, आणि भाडं शेजारच्या घरांच्या निम्मं. मी शंकेखोर बाई. मालक नागपुरात नोकरीला, त्यांना सरळ विचारलं, घरात काय खोट आहे? ते म्हणाले, खोट कागदात आहे. त्यांची आई गेल्यावर त्यांनी घर आपल्या नावावर करायला नगरपालिकेत अर्ज दिला, आणि हिंदीच्या रिवाजाप्रमाणे आईच्या नावामागे ‘स्व.’ लिहिलं, स्वर्गीय या अर्थी. रजिस्टरात घराच्या वापराचा एक रकाना असतो. भाड्याने दिलं असेल तर ‘कि.’, म्हणजे किराया; मालक स्वतः राहत असेल तर ‘स्व.’, म्हणजे स्वयं. बाबूने नाव बदललंच नाही, फक्त त्यामागचं ‘स्व.’ उचललं आणि त्या रकान्यात टाकलं. तेव्हापासून म्हातारी कागदावर स्वतःच्या घरात राहत होती आणि निम्मा कर भरत होती. मालकांनी चूक सुधारली नाही. कमी भाडं घ्यायचं, भाडेकरूने गवगवा करायचा नाही, एवढीच अट. मी हसले. शिक्षिका असून हसले, याची आज लाज वाटते.

पांढुर्ण्याच्या घरात चार वर्षं राहूनही आईला बाथरूम सापडत नसे. सौंसरच्या घरी टेम्पो रिकामा होईपर्यंत ती आत गेली आणि मागच्या दाराची कडी काढून अंगणात जाऊन बसली. ती कडी दाराच्या वर, चौकटीआड होती. मला मालकांनी दाखवली तेव्हा सापडली होती. मला आनंदच झाला. इतक्या महिन्यांत तिचा हात पहिल्यांदा न चाचपडता कुठेतरी गेला होता. शेजारच्या काकू चहा घेऊन आल्या. अंगणात झाडाखालच्या दगडावर आई बसलेली बघून त्या दारातच थांबल्या. कप माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “तिथंच बसून राहत होती जी ते.” कोण, हे मी विचारलं नाही. काकू त्यानंतर अंगणाच्या दाराने कधी आल्या नाहीत, नेहमी पुढून यायच्या.

आई सुधारत होती, असंच मी सगळ्यांना सांगायचे. जेवायची, झोपायची, बाहेर जायचं नाव काढायची नाही. फक्त वागणं-बोलणं बदललं. माझी आई वरणात गूळ घालायची. आता गुळाचं वरण पुढे आलं की ताट सारून द्यायची. कपाटातल्या माझ्या साड्या काढून पलंगावर ठेवायची, आणि त्या जागी तिथे काय असायला पाहिजे ते शोधत राहायची. सांभाळणाऱ्या बाईला तिने एकदा सांगितलं, या खोलीला पूर्वी हिरवा रंग होता. मी नखाने भिंत खरवडून पाहिली. पांढऱ्याखाली हिरवा निघाला. जुन्या घरात हिरवा रंग निघायचाच, असं मी स्वतःला समजावलं आणि नख धुतलं.

मग नगरपालिकेने घरोघरी तपासणी काढली. मालकांचा फोन आला. इतक्या वर्षांचा फरक आणि वर दंड भरण्यापेक्षा घर विकून टाकीन, असं ते शांतपणे म्हणाले. मला त्यांचा रागही येईना. माझ्या डोळ्यांसमोर फक्त तो पूल येत होता. आईला पुन्हा उपटून दुसऱ्या घरात नेलं, तर ती तिथून निघून जाणार, आणि या वेळी सापडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तपासणीचे बाबू दुपारी बाराच्या उन्हात आले. माझ्याच वयाचे, घामेजलेले, बिचारे सभ्य. पाणी पिऊन त्यांनी रजिस्टर उघडलं आणि इथे राहतं कोण, असं विचारलं. मी खरं सांगणार होते. वाक्य जुळवत होते. तेवढ्यात मागच्या दारातून आई आली, डोक्यावर पदर घेतलेला. माझ्या आईने आयुष्यात डोक्यावर पदर घेतला नाही.

“मीच राहतो,” ती म्हणाली. “घर माझं आहे.”

बाबूंनी नाव विचारलं आणि तिने ते सांगितलं. मालकांच्या आईचं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. जुन्या पावत्या माझ्या कपाटात होत्या. मी कधीतरी मोठ्याने वाचल्या असतील. असतीलच. बाबूंनी रजिस्टर पुढे केलं आणि तिने सही केली. गेलं वर्षभर तिच्याकडून स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर लिहून घेताना मी रडकुंडीला यायचे. ही सही सरळ आली, एका दमात, आणि बाबूंनी रजिस्टरातल्या म्हातारीच्या जुन्या सहीशी ताडून मान हलवली. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “आन् तुमी?”

माझं एक वाक्य पुरलं असतं, ही माझी आई आहे एवढंच. ते मी बोलले नाही, कारण ते बोलले असते तर घर गेलं असतं. माझ्याऐवजी आईच म्हणाली, “पाहुनी आहे.” बाबूंनी ‘स्व.’ कायम ठेवलं आणि उन्हात निघून गेले.

त्या दिवसापासून तिने मला माझ्या नावाने हाक मारली नाही. बाई म्हणते. नीट वागवते, रागावत नाही. घरमालकिणीने भाडेकरणीला वागवावं तशी वागवते. मी आई म्हणून हाक मारली की मागे वळून बघते, माझ्या पाठीमागे कोण उभं आहे ते. डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकला की असं होतं. होत असेल. पण कोणाला पुढे सरकायला मी जागा करून दिली, ते मला माहीत आहे. घर टिकवायला मी तिला देऊन टाकलं.

गेल्या रविवारी सकाळी मी तिची वेणी घालत होते. अंगणात, त्याच दगडावर. तिने मान न वळवता विचारलं, “बाई, तुमची माय नाही का कोनी?”

आहे, मी म्हटलं. कुठे राहते, तिने विचारलं. पांढुर्ण्याला, मी म्हटलं.

“एकटीच? मंग तिले इकडंच घेऊन या ना जी,” ती म्हणाली, आणि माझ्या हातावर हात ठेवला. “तिकडं भाडं लय आहे म्हनतेत.”