दवंडीचा पंचनामा

शासनाचा आवाज मी फार जवळून ऐकला आहे. तो घोगरा होता, बोलण्याआधी दोनदा खाकरायचा आणि त्याच्या पायांत दोन वेगवेगळ्या जोडांतल्या वहाणा असायच्या. कामशेतच्या पलीकडे ज्या गावात मी शाळामास्तर होतो, तिथल्या कोतवालाचा तो आवाज. गाव त्यांना कोतवालआबा म्हणे. कचेरीतून हुकूम आला की आबा डफ गळ्यात अडकवून निघत आणि चार ठिकाणी उभे राहून दवंडी देत.

दवंडी काय, कुणीही देईल. आबांचं खरं काम ती संपल्यावर सुरू व्हायचं. कुणीतरी "ऐकलं" म्हणेपर्यंत ते जागचे हलत नसत. कुणी बोललं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा ते कुलूप लावलेल्या घरासमोर दवंडी देऊन उभे होते. मी म्हटलं, "आबा, घरात कुणी नाही."

"म्हाईत हाय. पर उद्या त्यांनी म्हनू नये, आमाला सांगितलं न्हाई."

शेवटी शेजारच्या बाईने चुलीपुढूनच वैतागून "ऐकलं वं, ऐकलं" म्हणून आवाज दिला, तेव्हा ते पुढे सरकले.

त्यांची एक दवंडी मात्र मी ऐकलेली नाही. ती माझ्या आधीची. धरणाचं काम निघालं तेव्हा डोंगराकडच्या अकरा घरांच्या वाडीवर जाऊन आबांनी सांगितलं होतं, की पावसाच्या आत घरं खाली करा, बदल्यात जमीन मिळेल. यातलं घरं खाली करण्याचं वाक्य कागदावर होतं. जमिनीचं वाक्य कचेरीच्या साहेबांनी जीपमध्ये बसता बसता तोंडी सांगितलं होतं. आबांनी दोन्ही वाक्यं सारख्याच आवाजात सांगितली. वाडीने "ऐकलं" म्हटलं आणि भातखाचरं सोडून माणसं वर कातळावर छपरं घालून राहिली. पाणी वेळेवर आलं. जमीन आली नाही.

वाडीवरच्या चंद्रामावशी बाजाराला खाली उतरल्या की आबा आपण होऊन त्यांच्यासमोर जाऊन उभे राहत. "न्हाई आली अजून," एवढंच सांगत.

"तुला कोन इचारतंय, भाऊ?" मावशी म्हणायच्या. "तुजा काय दोस? सायबानं सांगितलं, तू बोललास."

"सायबाला तुमी वळकत न्हवता. मला वळकत हुता, म्हनून उठलात."

त्यावर मावशी पाटी डोक्यावर घेऊन बाजाराकडे चालू लागायच्या.

मग गावात टेलिव्हिजन आला. पंचायतीला सरकारकडून मिळालेला संच शाळेच्या खोलीत ठेवला गेला. उद्घाटनाला आलेले पुढारी ज्ञानाच्या गंगेवर पाऊण तास बोलले. बटण दाबलं तेव्हा वीज गेलेली होती. पण रोज संध्याकाळी माणसं जमू लागली. आबा पहिल्या रांगेत बसत. त्यांना नाटकात, गाण्यात रस नव्हता, बातम्यांत होता. निवेदिकेने एक बातमी संपवून श्वास घेतला की आबा खड्या आवाजात म्हणत, "ऐकलं." लोक हसत. आबा म्हणत, "एवढं सांगती बिचारी, तिला कोन तरी सांगाया नको?"

चंद्रामावशी एकदा म्हणाल्या, "भाऊ, ह्यो पेटीतला तुजा थोरला भाऊ दिसतोय. त्यालाबी पगार हाय का?"

एका संध्याकाळी धरणग्रस्तांवर चर्चा लागली. खुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर फुलं. मुलाखत घेणाऱ्याने जरा नेटानेच प्रश्न विचारला आणि मंत्री हसून म्हणाले, की येत्या पावसाळ्याच्या आत प्रत्येक धरणग्रस्ताच्या हातात जमीन असेल. आबांनी या वेळी "ऐकलं" म्हटलं नाही. ते उठले आणि माझ्याकडे वळले.

"मास्तर, कागद घ्या. दवंडी झाली. पंचनामा कराय पायजे."

दवंडी दिल्यावर पाच पंचांच्या सह्या, अंगठे घेऊन कचेरीत तसा दाखला द्यायची रीत होती. आबांनी ती मंत्र्याला लागू केली. मला गंमत वाटली, हे कबूल करतो. मी 'समक्ष', 'स्वमुखे', 'सदर इसम' असे शब्द वापरून भरजरी पंचनामा लिहिला. सदर इसम म्हणजे मंत्री. अंगठा द्यायला चंद्रामावशी पुढे झाल्या, तर आबांनी त्यांना अडवलं.

"तुजा चालत न्हाई, मावशे. तुजं शेत हाय त्यात. पंच तिऱ्हाईत लागतो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर तालुक्याच्या कचेरीत गेलो. कारकुनाने कागद दोनदा वाचला. भला माणूस होता, हसला नाही. म्हणाला, "आबा, टीव्हीवर बोललेलं म्हणजे हुकूम नव्हे."

"मी तरी कुटं हुकूम दावत हुतो?" आबा म्हणाले. "बोलतच हुतो. मान्सं घरं सोडून गेली."

कारकुनाने कागदावर आवकेचा शिक्का मारला. "वर पाठवतो," म्हणाला.

परतीच्या वाटेवर आबा पहिल्यांदाच भरभरून बोलले. वाडीला जमीन कुठे मिळावी, ओढ्याच्या अंगाला की गायरानाकडे, कुणाच्या शेजारी कुणाला देऊ नये, सगळं त्यांच्या डोक्यात तयार होतं. त्यांचं बोलणं ऐकताना मला माझ्या भरजरी शब्दांची लाज वाटत होती.

तो पावसाळा आला आणि गेला. त्यानंतर आबा टेलिव्हिजनच्या खोलीत यायचे, पण आत बसत नसत. बाहेर पायरीवर, दाराकडे पाठ करून बसत. आत बातम्या चालू असायच्या आणि मध्येमध्ये कुणीतरी सवयीने त्यांच्याकडे बघायचं. ते वळून बघत नसत. दवंड्याही त्यांनी सोडल्या. गुडघे दुखतात, असं कचेरीला कळवलं. गुडघे मात्र रोज वाडीपर्यंत चढून जात होते.

दुसऱ्या वर्षी थंडीत ते गेले. वाडीवरून अकराही घरांची माणसं खाली आली आणि खांदा त्यांनीच दिला. चंद्रामावशी ओट्यावर बसून माझ्या बायकोला म्हणाल्या, "किती येळा सांगितलं, आमचा राग न्हाई तुज्यावर. लोकांचं सगळं ऐकायचा, एवढं काय त्यानं ऐकलं न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात पोस्टमनने आबांच्या नावाचं एक कार्ड माझ्या हातात दिलं. कचेरीने आमचा पंचनामा, विषय टेलिव्हिजनचा असल्यामुळे, टेलिव्हिजन केंद्राकडे पाठवला होता. कार्ड छापील होतं. "आपले पत्र मिळाले. कार्यक्रम आपल्या पसंतीस उतरला, याचा आनंद वाटतो." खाली सहीचा रबरी शिक्का होता.