गेमची मूठ मंद केली तेव्हा

मंडळी, शेगावातल्या माझ्या गेम पार्लरमध्ये आज दुपारी एक काका-काकू आले. त्यांच्या रेल्वेला तासभर वेळ होता. काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, उजवा हात थरथरणारा.

त्यांनी विटा फोडायचा गेम निवडला. त्यात गोल मूठ फिरवून खालची फळी सरकवायची आणि चेंडू अडवायचा. पण हात थरथरला की फळी भलतीकडेच उडायची. तिन्ही चेंडू लगेच गेले.

"चाल वं," काका काकूंना म्हणाले, "माह्या हातानं आता काहीच होत नाही."

मी म्हटलं, "थांबा काका, मशीनच लय चंट आहे, जरा हात हलला की पळते."

सेटिंगमध्ये जाऊन मुठीची सेन्सिटिव्हिटी निम्मी केली. आता मूठ जास्त फिरवावी लागत होती, पण थरथरीनं फळी उडत नव्हती. एसटीचं मोठं स्टिअरिंग फिरवलेल्या काकांना तर त्याची सवयच.

पहिली ओळ फुटली. काकू ओरडल्या, "अहो, डावीकडे घ्या न!"

"घेऊन राह्यलो न वं!"

गाडीची वेळ होईपर्यंत दोघं हलले नाहीत.

इतकी वर्षं ती मूठ मी माझ्याच हाताच्या हिशेबानं लावत होतो. किती जण गुपचूप उठून गेले असतील? तुमच्याकडे असं काही आहे का, जे फक्त तुमच्याच हाताला जमतं?