आमच्या ह्यांचा कोट

माझे आतोबा रफूगार होते. हल्ली रफू म्हणजे काय हेही सांगावं लागतं, कारण कपड्याला भोक पडलं की लोक कपडाच टाकून मोकळे होतात. रफू म्हणजे ठिगळ नव्हे. ठिगळ कोणीही लावतं. फाटलेल्या जागी सुईने एकेक धागा उभा, एकेक आडवा असा भरत जायचं, की भोक कुठे होतं ते मालकालासुद्धा सापडू नये. त्यासाठी बाहेरचा धागा चालत नाही. रंग जुळला तरी जुनेपणा जुळत नाही. म्हणून त्याच कपड्याच्या शिवणीत आत दुमडलेलं जादा कापड असतं, शिंपी ज्याला माया म्हणतात, त्यातून धागे ओढून काढायचे. धागे ओढायचं काम माझ्या आत्याचं, भरायचं आतोबांचं. लग्न झाल्यापासून ही वाटणी ठरलेली होती.

दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. जिना चढून आलं की समोर खिडकी, खिडकीला लागून पाट, पाटावर आतोबा. दिव्याच्या उजेडात रंग खोटं बोलतात असं त्यांचं म्हणणं, म्हणून ऊन उतरलं की सुई बंद. गल्लीत त्यांना सगळे खिडकीवाले म्हणायचे. आत्या शेजारी बसून धागे ओढायची आणि ओल्या फडक्यावर ओळीने मांडून ठेवायची. तिचा धागा कधी तुटला नाही. तोंड मात्र एकसारखं चालू असायचं. गिऱ्हाईक कोट देऊन जिना उतरलं, की हा कोट कुठल्या भांडणात फाटला असेल ते ती आम्हाला रंगवून सांगायची.

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. शाळेत भूगोल शिकवायचे, पण वाचायचे बुद्धाचं तत्त्वज्ञान, आणि एकदा पटलेली गोष्ट दुसऱ्याला पटेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही. आतोबांना ते पटायचं नाही. त्यामुळे दर रविवारी संध्याकाळी, सुई बंद झाली की, या दोघांची जुंपायची.

"मास्तर, शरीर म्हणजे कपडा," आतोबा म्हणायचे. "तो विरायचा, फाटायचा. पण घालणारा निराळा. त्याला काही होत नाही."

"मग तो घालणारा दाखवा," बाबा म्हणायचे. "शरीर, सुखदुःख, ओळख, सवयी, जाणीव. या पाचांची मोळी बांधलीय आणि तिला आपण 'मी' म्हणतो. मोळी सोडा. आत बसलेलं कोणी सापडतं का बघा."

"म्हणजे मागच्या पावसात माझी छत्री घेऊन गेलेला मास्तर वेगळा होता?"

"तो आणि हा एक नाही, आणि अगदी निराळाही नाही."

"मग निराळा नसलेल्याने छत्री परत द्यावी."

आत्या दोघांच्या मधून कपबशा उचलत म्हणायची, "आत्मा असला तर त्याला म्हणावं विसळायला ये. नसला तर तुम्ही या." दोघंही उठायचे नाहीत. मला त्या वादातलं फारसं कळायचं नाही. पण बाबा इतके खुशीत दुसरीकडे कुठे दिसायचे नाहीत एवढं कळायचं.

मग एके दिवशी आत्याने एका राखी पँटचे धागे मायेतून न ओढता पुढून, गुडघ्यावरून ओढले. बोटभर जागेची जाळी झाली. आतोबांनी विचारलं तर हसली आणि म्हणाली, "उजेड कमी होता." खिडकीत लख्ख ऊन होतं. आतोबांनी पँट घडी करून बाजूला ठेवली. ती जाळी भरायला त्यांना बरेच दिवस लागले आणि तिच्यासमोर त्यांनी ती एकदाही बाहेर काढली नाही.

पुढचं, हा विसरण्याचा आजार ज्या घरी येतो तिथे होतं तसंच झालं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, औषध नाही म्हणूनही सांगितलं. ती आधी मला विसरली. लहानपणी तिने माझ्या वेण्या घातल्या होत्या, आणि आता मला "बाई, तुमचं काय फाटलंय?" असं विचारायची. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. कोणावर ते सांगता येत नाही. मग ती बाबांना विसरली. शेवटी आतोबांना.

त्यांना विसरली म्हणजे पुरती विसरली नाही. रफूवाले म्हणून ओळखायची. अहो-जाहो करायची, अदबीने बोलायची. नवरा म्हणून जो कोणी होता तो मात्र तिच्या लेखी कुठेतरी बाहेर गेला होता आणि यायचा होता. दिवसातून अनेकदा ती विचारायची, "आमचे हे आले का हो?" आतोबा म्हणायचे, "निघालेत. येतील." तेवढ्याने तिचं समाधान व्हायचं. दुःखी ती नव्हती. जेवायची, झोपायची, गालावर तुकतुकी होती. दुःख आमच्या वाट्याला होतं.

एकदा आतोबांनी मला विचारलं, "कपडा शाबूत आणि घालणारा गेला, असं कसं गं झालं? मी तर आयुष्यभर उलटं सांगत आलो." मी म्हटलं, चहा टाकते.

आणि बाबांचं बघा. ज्या माणसाने आत कोणी नसतं म्हणून जन्मभर डोकं उठवलं, तो आता रोज शाळा सुटल्यावर यायचा आणि म्हणायचा, "ती आत आहे, दाजी. दार तेवढं बंद झालंय. ठोठावत राहिलं पाहिजे." बाबा जुने फोटो आणायचे. तिच्यासमोर एकेक धरायचे आणि पोरांची तोंडी परीक्षा घेतल्यासारखं विचारायचे, "हा कोण? ही कोण? हा मुलगा कोण, ताई? नीट बघ." ती बघायची, ओशाळायची, चुकल्यासारखं हसायची. कधीकधी एखादं नाव बरोबर यायचं. मग बाबा दोन दिवस त्या नावावर काढायचे.

आतोबांना हे आवडत नव्हतं, पण ते थांबवतही नव्हते. का, ते मला एकदा जिन्यात म्हणाले. "चुकूनमाकून माझं नाव निघालं तर? एकदाच. जायच्या आधी एकदा तिने मला ओळखावं. बाकी माझं काही मागणं नाही." हे त्यांनी बाबांना कधी सांगितलं नाही.

एका दुपारी बाबांनी हद्द केली. तिचा हात धरून तिला आतोबांच्या पाटासमोर उभं केलं आणि म्हणाले, "आज सांगितल्याशिवाय सोडायचा नाही मी. हे कोण आहेत? तुझं लग्न कोणाशी झालं?" आत्याने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. बाबांनी सोडला नाही. ती घाबरून रडायला लागली आणि आतोबांना म्हणाली, "अहो रफूवाले, या माणसाला जायला सांगा ना. आमचे हे घरी नाहीत, आणि हा हात धरतोय."

आतोबा उठले. "मास्तर, तुम्ही जा," म्हणाले. बाबा जागचे हलले नाहीत तेव्हा आतोबा हळूच म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही सांगत होता, आत कोणी नाही. मग आता कोणाला बाहेर ओढताय?"

बाबा खाली मान घालून निघून गेले. मी मागोमाग गेले तर ते जिन्याच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "ते सगळं खरंच आहे गं. पुस्तकात आहे ते खरंच आहे. पण ती माझी ताई आहे." मी शेजारी बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कोटाचा प्रकार झाला. आत्याचे हात रिकामे राहिले की तिला चैन पडत नसे, म्हणून आतोबा तिला चिंध्या द्यायचे आणि ती दिवसभर धागे ओढत बसायची. एकदा तिने खुंटीवरचा आतोबांचाच तपकिरी कोट घेतला आणि छातीपाशी धागे ओढून रुपयाएवढं भोक पाडलं. मग ते भोक पाहून तिचीच पाचावर धारण बसली. कोट घेऊन आतोबांसमोर आली. मी तिथेच होते.

"अहो, आमच्या ह्यांचा कोट आहे. कसा फाटला कळत नाही. ते यायच्या आत करून द्याल का?"

आतोबांनी कोट हातात घेतला, उजेडात धरला, आणि इतर कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाले, "बसा. करून देतो." पण तो कोट त्यांनी स्वतःच इतक्या वेळा रफू केला होता की आत ओढायला माया उरलीच नव्हती. दुसऱ्या कोटाचा धागा घ्यावा लागला. ती समोर बसून बघत होती. काम झाल्यावर तिने कोट घेतला, बोट फिरवलं, आणि मान हलवली.

"हे दिसतंय," ती म्हणाली. "राग मानू नका. पण आमचे हे याच कामातले आहेत. त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही."

"त्यांचा हात चांगला आहे का?" आतोबांनी विचारलं.

"त्यांच्यासारखा हात कोणाचा नाही," ती म्हणाली. "पण त्यांना सांगू नका हं मी असं म्हटलं. डोक्यावर बसतील."

आतोबा हसले. अगदी मोकळं हसले. मग टाका उसवून त्यांनी पुन्हा भरायला घेतलं, आणि मी आत जाऊन ओट्याला टेकून रडले. लग्नाचं इतकं आयुष्य गेलं, एवढं कौतुक तिने त्यांच्या तोंडावर कधी केलं नव्हतं. केलं ते रफूवाल्याजवळ.

बाबांना मी हे सांगितलं. त्यानंतर बाबा फोटो घेऊन आले नाहीत. फाटका मोजा घेऊन आले. गिऱ्हाइकासारखे दारात उभे राहिले आणि म्हणाले, "खिडकीवाले, एवढं करून द्याल का?" आत्याने त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मोजा कशाने फाटला असेल यावर बरंच काही सुनावलं. पुढे ते रोज काही ना काही फाटकं घेऊन यायचे. घरातलं संपलं तेव्हा आईचे पदर नखांनी उसवून आणायचे. आई ते बघून न बघितल्यासारखं करायची. दोन्ही पुरुष आता वाद घालत नव्हते. दोघं तिच्या दुकानातले परके होऊन बसायचे.

थंडीत आत्याला ताप आला, छाती भरली, आणि ती गेली. सकाळची वेळ होती. तिच्याजवळ एकटे आतोबा होते. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी तिचा हात पांघरुणात नीट ठेवला होता. ओळखलं का हे कोणी विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती. त्यांच्या तोंडावरच दिसत होतं.

तिला पोचवून आम्ही परत आलो. पाहुणे आले, गेले. मी आतोबांपुढे ताट ठेवलं, ते त्यांनी सरकवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. पाणी घ्यायचे, खिडकीत बसायचे, सुई हातात धरायचे नाहीत. आई रागावली, मी रागावले. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "काय झालं ते तरी सांगा, दाजी."

आतोबा बोलले. "जाताना शुद्धीवर होती. माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता. आता ओळखेल. तर म्हणाली, रफूवाले, एक काम कराल? आमचे हे आले की त्यांना सांगा, मी पुष्कळ वाट बघितली. आता मला थांबवत नाही. त्यांना म्हणावं, माझ्यासाठी उपाशी बसू नका, जेवून घ्या. मी म्हटलं, सांगतो. एवढंच."

आतोबांनी बाबांकडे पाहिलं. "निरोप रफूवाल्याला दिला तिने. मी तो मला कसा देऊ, मास्तर? मी रोज देऊन बघतो. पोचतच नाही. तुम्ही एवढं वाचलंय. हे दोघं एक का निराळे?"

बाबांच्या पुस्तकांत याचं उत्तर होतं, आणि आतोबांच्या बाजूनेही होतं. दोन्ही मला रविवारी ऐकून ऐकून पाठ झाली होती. बाबांनी त्यातलं एकही दिलं नाही. त्यांनी सरकवलेलं ताट जवळ घेतलं, आतोबांच्या पुढ्यात ठेवलं, आणि त्यांचा हात धरून ताटाला लावला.

"दाजी," ते म्हणाले, "ताईने सांगितलंय. तिने पुष्कळ वाट बघितली. तुम्ही जेवून घ्या."

आतोबा तेव्हा रडले. मग त्यांनी घास घेतला.