सडलेल्या सांगाड्याची गोष्ट

काचवाल्याला कुणाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणता येत नसे. एवढी एक गोष्ट सोडली तर त्या माणसात नाव ठेवायला जागा नव्हती, आणि आमची गल्ली नावं ठेवण्यात काही कच्ची नाही. अंगानं किरकोळ, बोटांना कायम चार चिकटपट्ट्या, खिशात काच कापायची हिरकणी. बोलणं इतकं हळू, की आपण आवाज चढवला तर हाच तडकेल असं समोरच्याला वाटावं. खिडक्या, दुकानांच्या दर्शनी काचा, न्हाणीघरातले आरसे, सगळं तोच बसवायचा. गावातली निम्मी माणसं आपलं तोंड त्यानं बसवलेल्या आरशात बघत. काहींना ते आवडत नसे आणि ती त्यालाच दोष देत, ते सोडा.

या काचवाल्याकडे एक पिकअप होती. पुढे तिघं बसतील असा एकच लांब बाक, मागे उघडा हौदा आणि हौद्यात काचा उभ्या ठेवायची तिरकी लाकडी चौकट. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कोरी घेतलेली, आकाशी रंगाची. बायकोचा पाय चढताना पोचत नव्हता, म्हणून त्यानं दाराखाली एक लोखंडी पायरी जोडून घेतली होती, जराशी वाकडीच. मुलगी दवाखान्यातून घरी आली ती याच बाकावर, आणि मोठी झाल्यावर गाडी शिकली तीही हिच्यावरच. मागच्या फाळक्याला एक मोठा पोचा होता, तो त्या शिक्षणाचा दाखला.

एकतीस वर्षं ही गाडी चालली. बॉनेट उघडलं की इंजिन दिसे, आणि इंजिनाच्या बाजूनं खालची जमीनही दिसे, इतकी ऐसपैस जागा. तीन पाने, एक पेचकस आणि थोड्या शिव्या, एवढ्या सामानावर तिचं कुठलंही दुखणं बरं होई. हल्लीच्या गाडीचं बॉनेट उघडा, आत आणखी एक झाकण, आणि त्यावर ‘हात लावू नये’ अशी तंबी. काचवाला म्हणायचा, “ही गाडी आपल्याशी बोलते. नव्या गाड्या आपल्याला रागावतात.”

गाडीचा वैद्य होता मिस्त्री. काचवाला आणि तो शाळेत एका बाकावर बसलेले, एकमेकांच्या वह्या उतरवून दोघंही नापास झालेले. मिस्त्री म्हणजे आडवा देह, मोठं हसू आणि खांद्यावर कायम एक तेलकट फडकं. काचवाल्याकडे जेवढा संकोच, तेवढा मिस्त्रीकडे आगाऊपणा. दोघांचं मिळून एक व्यवस्थित माणूस व्हायचं.

आता ज्याच्याकडे पिकअप, त्याचे सगळेच भाऊ. कुणाचं कपाट हलवायचंय, कुणाची गादी न्यायचीय. “काका, दोन तासांसाठी द्या ना!” दोन तासांची गाडी दोन दिवसांनी परत यायची, तीही टाकी कोरडी करून. काचवाल्याच्या तोंडातून नकार फुटायचा नाही. बायको म्हणायची, “अहो, तुम्ही गाडी वाटायला घेतलीय का?”

शेवटी मिस्त्रीनंच तोड काढली. “तू नाही म्हणू नकोस. तू म्हण, मिस्त्रीला विचारा. पुढचं मी बघतो.”

आणि काय बघायचा! मागणारा गॅरेजात आला की मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर यायचा, फडक्याला एकेक बोट पुसायचा, मान हलवायचा आणि ऑपरेशन फसलेल्या डॉक्टरच्या आवाजात म्हणायचा, “खालचा सांगाडा सडलाय हो. आज बसेल की उद्या बसेल, सांगवत नाही. काचवाल्याला अजून बोललो नाही, त्याला सोसायचं नाही.” मागणारा हळहळत परत जायचा. मागच्या खोलीत काचवाला तोंडात रुमाल कोंबून हसत बसलेला असायचा. मग दोघं चहा घ्यायचे. वीस वर्षं हे नाटक चाललं. एका शेजारणीनं तर गाडीच्या प्रकृतीची चौकशी करायला फळं आणली होती, आणि ती या दोघांनी खाल्ली.

मागच्या वर्षी एका सकाळी गाडी तेलपाण्यासाठी गॅरेजात होती. काचवाला घ्यायला गेला. मिस्त्री खालून बाहेर आला. फडक्याला एकेक बोट पुसलं. मान हलवली.

“सांगाडा सडलाय रे.”

काचवाला हसला. “कोण आलंय मागायला?”

“कुणी नाही. तुलाच सांगतोय.” आणि मिस्त्रीनं मूठ उघडली. मुठीत तांबड्या गंजाचे पापुद्रे होते. “पेचकस टोचला आणि हे हातात आलं. काचा घेऊन जाताना मधेच मोडली तर तू मरशील आणि तुझ्या मागं येणाराही मरेल. मला सांगणं भाग आहे.”

तुम्ही म्हणाल, ज्या थापेवर हा वीस वर्षं हसला तीच याला मारली, आणि यानं खरी मानली? मानली. खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. वीस वर्षं तो त्या नाटकाच्या मागच्या बाजूला बसला होता. समोरून ते किती खरं दिसतं, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच कळत होतं. शिवाय सांगणारा मिस्त्री होता. मिस्त्री जगाशी खोटं बोलायचा, पण ते याच्यासाठी!

“भंगारात मी नेतो,” मिस्त्री म्हणाला. “तुला बघवणार नाही.” कागदांवर सह्या झाल्या, वजनाच्या भावानं पैसे मिळाले. काचवाल्यानं बाकावरून एकदा हात फिरवला आणि पायी घरी आला. बायकोनं ताट वाढलं, ते तसंच उचलावं लागलं.

मग कर्ज काढून एक नवी पांढरी गाडी आली. पट्टा नाही लावला तर ती ओरडे, दार नीट नाही लागलं तर ओरडे, आणि काहीच चुकलं नाही तर चुकलं नाही म्हणून ओरडे. पहिल्याच महिन्यात तिच्या हौद्यात दोन मोठ्या काचा फुटल्या. जुन्या गाडीत एकतीस वर्षांत एक फुटली होती, आणि तेव्हाही मुलगी चालवत होती.

जुन्या पिकअपना सोन्याचे दिवस आलेत, हे काचवाल्याला कुठून माहीत असणार! पण आले होते खरे. ज्यांना कधी पोतं उचलावं लागलं नाही, असे लोक त्या शोधत हिंडू लागले. कुणाला लहानपणी आजोबांच्या हौद्यात बसून खाल्लेला वारा आठवे, कुणाला कॉम्प्युटर नसलेलं इंजिन हवं असे, कुणाला नुसतंच शेजाऱ्याकडे नाही ते आपल्याकडे असावं असं वाटे. पत्रा जाड, यंत्र सरळ, आणि अशा गाड्या आता पुन्हा होणार नाहीत. एकाच मालकाची, मूळ इंजिनाची असेल तर भाव नव्या गाडीच्या दीडपट.

हे कळलं ते मुलीमुळे. परगावाहून तिनं फोनवर एक फोटो पाठवला. जुन्या गाड्यांचं कुठलंसं प्रदर्शन, हिरवळीवर दोऱ्या बांधलेल्या, आणि मधोमध आकाशी पिकअप. पाटीवर लिहिलेलं, ‘एकच मालक, मूळ सांगाडा, पहिलं बक्षीस.’

“बाबा, ही आपली आहे,” ती म्हणाली. “फाळक्यावरचा पोचा माझा आहे. मी माझा पोचा ओळखणार नाही?”

काचवाल्यानं फोटो मोठा केला. दाराखाली वाकडी पायरी होती. फोन खाली ठेवला. बराच वेळ तो टेबलावरची काच पुसत बसला, ती स्वच्छ असूनही.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजात गेला. मिस्त्रीनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि पाना खाली ठेवला.

“कळलं वाटतं.”

“सडला होता ना रे सांगाडा?”

मिस्त्री भडकला. चोर आधी भडकतो, तसा. “तुला विचारलं असतं तर तू दिली असतीस का? गाडी नाही, लेक आहे म्हणाला असतास! एक दातांचे डॉक्टर तिच्यासाठी वर्षभर माझ्या मागं लागले होते. आणि माझ्याकडे बघ जरा. नव्या गाड्या माझ्याकडे कोण आणतं? महिन्याला चार गिऱ्हाइकं, त्यातली दोन पत्ता विचारायला येतात.”

“माझ्याकडे मागितले असतेस.”

“काय मागितलं असतं?”

“जे लागत होतं ते. गाडीसुद्धा.”

मिस्त्रीनं मान खाली घातली. पण आगाऊ माणसाला लाज फार वेळ टिकत नाही. दोन मिनिटांनी तोच स्टूल ओढून जवळ बसला. “बरं, आलाच आहेस तर एक काम कर. डॉक्टरांनी अर्धे पैसे राखून ठेवलेत. पहिल्या मालकाचं पत्र हवंय त्यांना. सांगाडा मूळचा आहे, कधी जोडकाम झालेलं नाही, असं. पत्र नाही मिळालं तर गाडी परत घ्या म्हणतात. तू मला ओळखतोस. एक सही.”

काचवाला उठला आणि चालू लागला.

घरी बायकोनं सगळं ऐकलं आणि कंबरेवर हात ठेवले. “सोपं आहे की! जा आणि सांगा, सांगाडा सडलेला होता, मला मिस्त्रीनंच सांगितलं. डॉक्टर गाडी परत करतील. ती मिस्त्रीच्या गळ्यात पडेल. आणि सडलेली गाडी भंगाराच्या भावानं आपण परत घेऊ. एक वाक्य, अहो! तेही त्याचंच. केसानं गळा कापलाय त्यानं तुमचा.”

रात्रभर काचवाला ते वाक्य घोळवत राहिला. सकाळी पांढरी गाडी काढताना ते त्याला पाठ झालं होतं.

डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या अंगणात पिकअप उभी होती. डॉक्टर गोल चेहऱ्याचे, उत्साही. बॉनेट उघडून, हातात बॅटरी घेऊन असे वाकले होते, की गाडीनं आता आ करावा. मिस्त्री आधीच येऊन कडेला उभा. काचवाल्याला पाहून गाडीनं शेपूट हलवली नाही इतकंच.

“या, या! रंगाला मी हातसुद्धा लावलेला नाही,” डॉक्टर म्हणाले. “पोचासुद्धा ठेवलाय. आता तुम्हीच खरं सांगा. सांगाडा कसा आहे?”

काचवाल्यानं तोंड उघडलं. आणि त्याचं लक्ष मिस्त्रीकडे गेलं. मिस्त्री फडक्याला बोटं पुसत होता. नजरानजर होताच त्यानं हळूच डोळा मारला. वीस वर्षं, मागणारा पाठमोरा झाला की मागच्या खोलीकडे बघून मारायचा तोच डोळा. म्हणजे हा अजून समजत होता, की आपण दोघं एका बाजूला आहोत आणि मूर्ख बनवायचा माणूस तो समोरचा.

काचवाल्यानं नजर गाडीकडे वळवली. पाठ केलेलं वाक्य जिभेवरून मागे गेलं. ते बोललो तर आपण पुन्हा त्याच्याच नाटकात उभे राहणार, आणि शिवाय बिचाऱ्या गाडीची बदनामी. तिनं काय केलं होतं?

“खणखणीत आहे,” तो म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा मोठा आला. “एकतीस वर्षांत एक टाकासुद्धा पडलेला नाही. एक बाहेरची पायरी तेवढी माझी. मागच्या वर्षी यानं मला सडलाय म्हणून सांगितलं, मुठीत गंज दाखवला आणि भंगाराच्या भावानं गाडी काढून घेतली. मी खाली वाकून बघितलं नाही. चूक माझी.”

मिस्त्रीचं फडकं थांबलं.

आणि डॉक्टर? डॉक्टर टाळी वाजवून हसले! “काय सांगता! अहो, ही तर कमाल गोष्ट आहे. अशी हकिगत असलेली गाडी मी तरी पाहिलेली नाही. हे पत्रात लिहाच! लोक वाचतील, विचारतील. किंमत आणखी वाढेल हिची.”

माणसाचा जीव जातो आणि बघणाऱ्याला नक्षी दिसते, ती अशी. काचवाल्याला आत टेबलाशी बसवलं, कागद दिला, पेन दिलं, कॉफी दिली. त्यानं सगळं लिहिलं. आकाशी रंग, बाक, पायरी कुणासाठी, पोचा कुणाचा. मग सांगाडा, मूठ, गंज. अक्षर सरळ, एकही खाडाखोड नाही. मिस्त्री दाराशी उभा राहून बघत होता. त्याचे राहिलेले पैसे आता मिळणार होते, उलट चार जास्तच. पण तोंड असं झालं होतं, की जणू त्याच्याच खिशातून गेले.

डॉक्टरांनी पत्र मोठ्यानं वाचलं. एका जागी अडखळले. “इथे तुम्ही ‘गॅरेजवाल्यानं सांगितलं’ असं लिहिलंय. मघाशी हे म्हणाले, तुम्ही शाळेपासूनचे मित्र. तसं घातलं तर गोष्टीला जास्त रंग येईल. ‘माझ्या जिवलग मित्रानं’, असं.”

काचवाल्यानं पत्र परत घेतलं, ती ओळ वाचली, मान तिरकी करून पुन्हा वाचली. दाराशी मिस्त्री कान देऊन उभा होता.

“नको,” काचवाला म्हणाला, “तुम्ही खरं सांगा म्हणाला होतात.” खाली सही केली, कागद डॉक्टरांच्या हातात दिला, आणि मिस्त्रीच्या बाजूनं, त्याला धक्का लागू न देता, बाहेर पडला.