कासाबाईनं उचललेला भंडारा

कासाबाईला गाव भित्री म्हणायचं. म्हणणाऱ्यांचं काय जातं? रझाकाराच्या साली ज्यांच्याकडं कुणी फिरकलं नाही, त्यांनाच असलं बोलायला सुचतं. कासाबाईच्या पालावर रझाकार आले होते. तिचा नवरा सटवाजी मेंढरं घेऊन पूर्णेच्या काठानं येलदरीच्या रानात उतरला होता. पालावर जो येईल त्याला वाटीभर दूध द्यायचं, ही धनगराची रीत. त्या उन्हाळ्यात अनोळखी दोघं-तिघं आले, दूध पिऊन गेले. चार दिवसांनी बंदुकवाले आले आणि कुणाला पाजलंस म्हणून विचारायला लागले. सटवाजी साधा माणूस. दूध दिलं, पण नाव विचारायची आमच्यात रीत न्हाई, असं त्यानं सांगून टाकलं. खरं होतं तेच बोलला. त्याला घेऊन गेले ते गेलेच. तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या काठाला त्याची काठी तेवढी सापडली.

ग्यानबा तेव्हा बारा वर्षांचा होता. कासाबाईनं निम्मी मेंढरं विकली, पोराला घेतलं आणि गावात, पाथरीच्या सडकेला लागून जे दोन खणांचं घर होतं, त्यात येऊन बसली. नवऱ्याचा घोंगडी विणायचा माग तिथंच खड्ड्यात बसवलेला होता. पिंगळीच्या मामानं ग्यानबाला विणायला शिकवलं. कासाबाई लोकर पिंजायची, सूत काढायची, ग्यानबा घोंगडी विणायचा, आणि विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ लावून कडक वाळवायचं काम परत कासाबाईचं. तिच्या हातची घोंगडी उभी केली तर उभी राहायची. पाथरीच्या बाजारात लोक नावानं विचारत यायचे.

बाकी मात्र तिनं एक गोष्ट पक्की धरली होती. कुणाच्या अध्यात नाही, कुणाच्या मध्यात नाही. शिपाई दिसला की ती दार लावून घ्यायची. कुणी विचारलं तू कुणाकडची, तर म्हणायची मी मेंढराकडची. लोक हसायचे. हसू द्या.

मग ते छपन्न सालचं भाषण आलं.

गावात रेडिओ एकच, व्यंकटराव देशमुखांचा. मोटारीच्या बॅटरीवर चालायचा. दिल्लीचे सगळ्यात मोठे पुढारी बोलणार म्हणून दिवस मावळायला सारं गाव त्यांच्या अंगणात जमलं. बाया गोठ्याच्या अंगाला बसल्या, त्यात कासाबाईही होती. भाषा हिंदी, पण निजामाच्या मुलखातल्या माणसाला ती काही परकी नव्हती. थकलेला, समजुतीचा आवाज होता. बोलता बोलता त्या आवाजानं सांगितलं की मुंबई मराठी मुलखाला मिळणार नाही, ती दिल्लीच्या ताब्यात राहील.

कासाबाईनं मुंबई काय, परभणीसुद्धा दोनदाच पाहिलेली. तिला मुंबईचं काही वाटलं नाही. तिला दिसली ती अंगणातली माणसं. व्यंकटराव टोपी सारखी करत म्हणाले, एवढा मोठा माणूस बोलतोय म्हंजी इचार करूनच बोलत असणार, आपण कोण लागून गेलो. तर सूर्यभान, जो परभणीला चार बुकं शिकून आला होता आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जायचा, तो ताडकन उठला. अंगणाबाहेर पडला, आणि त्याच्यामागं निम्मं अंगण उठलं. माणसांचे असले चेहरे कासाबाईनं एकदाच पाहिले होते, पालावर.

दुसऱ्या दिवसापासून गावाचे दोन तुकडे. व्यंकटरावांच्या बाजूचे टोपीवाले एका हॉटेलात चहा पिणार, संयुक्तवाले दुसऱ्या. टोपीवाल्यांची पाणी भरायची विहीर वेगळी, यांची वेगळी. भजनाची मंडळी फुटली, टाळ एकाकडं गेले आणि पखवाज दुसऱ्याकडं, मग दोन्हीकडं भजनाची बोंब. ज्यांना मुंबई कुठल्या दिशेला आहे ते ठाऊक नाही ते एकमेकांच्या अंगावर धावून जायला लागले. आणि मधे सापडली कासाबाई. तिची मेंढरं त्या आठवड्यात व्यंकटरावांच्या रानात खताला बसवलेली, पुढच्या आठवड्यात सूर्यभानाच्या रानात बसायची. दोघांचे गडी येऊन विचारून गेले, तुझी मेंढरं कुणाची? ती हात जोडून म्हणाली, ज्याचा चारा त्याची.

ग्यानबा काही बोलायचा नाही. मागावर बसून विणत राहायचा. वीस वर्षांचा गडी, बापासारखा अबोल. एकदा मात्र त्यानं मधेच हात थांबवून विचारलं, माय, मुंबईला लय घोंगड्या इकत असतील का गं? कासाबाईला नवल वाटलं, पण तिनं ते तिथंच सोडून दिलं.

आठव्या दिवशी हैद्राबादेहून कुणी मंत्री त्या सडकेनं पाथरीला जाणार होते. व्यंकटरावांनी कमान उभारली. संयुक्तवाल्यांना पोलिसांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, काळं फडकं दिसलं तर आत टाकू. कासाबाईनं ठरवलं, आज दार उघडायचं नाही. पण मागावरून नवी घोंगडी उतरली होती, कोकरांच्या पहिल्या लोकरीची, काळीभोर, आणि खळ शिजवून तयार होती. खळ ठेवली की आंबते. तिनं मागच्या अंगाला खळ लावली. रोज ती मागच्याच अंगणात दोन बांबूंना ताणून वाळवायची. आज ग्यानबानं बांबू पुढं, सडकेच्या कडेला नेऊन रोवले. म्हणाला, माय, थंडीच्या दिवसात मागं चिंचेची सावली पडती, वाळणार न्हाई. बरोबरच होतं ते. तिनं घोंगडी ताणून बांधली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

आता तुम्हीच डोळ्यासमोर आणा. सडकेच्या कडेला दोन उंच बांबू, आणि मधे सहा हात लांबीची काळी घोंगडी, ताणलेली. मंत्र्याची मोटार आली, थांबली. कासाबाईनं फटीतून पाहिलं. मोटारीतून कुणीतरी बोट दाखवलं. मागच्या जीपमधून शिपाई उतरले आणि दाराशी आले. घर कुणाचं, म्हणाले. ग्यानबा पुढं झाला, माझं म्हणाला. त्याला जीपमध्ये घातलं आणि नेलं. घोंगडी तशीच बांबूवर राहिली.

कासाबाई उंबऱ्यावर येऊन बसली. आठ वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. तेव्हा गाडी नव्हती एवढंच.

तासाभरात व्यंकटराव आले, सोबत लिहिलेला कागद. कागदात होतं की काळं फडकं सूर्यभानानं बांधायला लावलं. अंगठा दे, म्हणाले, संध्याकाळच्या आत पोरगं घरी. ते गेले नाहीत तोच सूर्यभान आला, त्याच्याही हातात कागद. त्यात होतं की एका धनगर माउलीनं स्वतःच्या घोंगडीचा काळा झेंडा करून दिल्लीला जाब विचारला. परभणीला सभेत वाचून दाखवायचा होता. ग्यानबासाठी आमची मंडळी वकील देतील, माय, म्हणाला. कासाबाई दोघांनाही एकच सांगत होती, घोंगडी वाळायला टाकली होती हो. दोघांनाही ते ऐकायचं नव्हतं. खऱ्याची कुणाला गरजच नव्हती. तिनं कुठल्याच कागदाला अंगठा दिला नाही. धीर म्हणून नव्हे, तिचा हातच उठत नव्हता.

मग तिनं घोंगडी सोडली, गुंडाळून डोक्यावर घेतली, भिंतीच्या देवळीतली भंडाऱ्याची पिशवी कनवटीला लावली आणि ठाण्याची वाट धरली. तीन कोस. वाटभर ती खंडोबाला म्हणत होती, नवऱ्याच्या वेळी खरं बोलून भागलं नाही, आता तरी भागू दे.

ठाण्यावरचा मोठा साहेब, त्याला लोक अजून निजामाच्या वेळेसारखं अमीनच म्हणायचे, म्हातारा होता आणि वैतागला होता. दोन्हीकडच्या चिठ्ठ्या त्याच्या टेबलावर आधीच येऊन पडल्या होत्या. कासाबाईनं घोंगडी त्याच्यापुढं टाकली. म्हणाली, हात लावून बगा साहेब, अजून ओली हाय. अमीनानं हात लावला, बोटं चिकट झाली. वास घेतला. चिंचोक्याचा वास लपत नाही.

"तुझ्या मनात नसेल," तो म्हणाला, "पण पोराच्या? त्याच्या मनात काय होतं हे तू काय सांगणार?"

कासाबाई थांबली नाही. तिनं कनवटीची पिशवी सोडली, मूठभर भंडारा तळहातावर घेतला आणि हात वर केला. दारातल्या शिपायानं ते पाहिलं आणि तो एक पाऊल मागं सरकला. तो धनगराचाच होता.

"घोंगडी वाळायलाच टाकली व्हती. माझ्या बी मनात दुसरं न्हाई, माझ्या लेकराच्या बी न्हाई. खोटं असंल तर खंडोबानं माझं लेकरू उचलून न्यावं."

शिपाई हळूच म्हणाला, साहेब, भंडारा उचलला की आमच्यात त्याच्या पुढं काही नसतं. अमीनानं दोन्ही चिठ्ठ्या बाजूला सारल्या आणि ग्यानबाला बाहेर आणायला सांगितलं. पाठीवर दोन फटके बसले होते, बाकी धड होता. कासाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. त्याच्या गालाला भंडारा लागला.

परतीच्या वाटेवर घोंगडी ग्यानबानं खांद्यावर घेतली. दिवस कलला होता. कासाबाईला आठ वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटत होतं. ओढा ओलांडला, आणि ग्यानबा हसला. असा तो कधी हसत नसे.

"माय, तुला सांगू का? सावलीचं खोटं व्हतं. मी मुद्दाम रोवले बांबू. कुणाला सांगितलं न्हाई, सूर्यभानाला बी न्हाई. दिल्लीवाल्याचं ते बोलणं ऐकल्यापून डोक्यातून जाईना. माझा बाप उगंच मेला का?"

कासाबाई चालता चालता थांबली. ग्यानबाला वाटलं, दमली. त्याला काय ठाऊक आत खोलीत तिनं काय उचललं होतं ते. त्याला तिनं सांगितलंही नाही. कसं सांगणार? तिनं ओढ्यात हात धुतला, वाळूनं घासला, पण नखांत गेलेला पिवळा रंग निघेना. पोलिसाची भीती पोलीस दिसेपर्यंतच असते. ही भीती आता घरातच राहायला आली.

त्या दिवसापासून ग्यानबाला शिंक आली तरी कासाबाईचं काळीज हलायचं. तो पाथरीच्या बाजाराला गेला की ती सडकेवर येऊन बसायची. रविवारी अन्न सोडलं. देवापुढं बसून एकच मागायची, माझा शब्द, माझ्यावर घे. मधल्या काळात मराठवाडा हैद्राबादेतून सुटला, ग्यानबाचं लग्न झालं, नातू झाला. लोक म्हणाले, कासाबाई आता तरी सुखाची झाली. लोकांना काय!

साठ साली महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. मेच्या एक तारखेला खंडोबाच्या देवळापुढं गावानं सभा घेतली. व्यंकटराव आणि सूर्यभान भाषणासाठी मांडलेल्या एकाच फळीवर, एकमेकांना गुलाल लावत होते. चार वर्षांपूर्वी एका विहिरीचं पाणी पीत नव्हते म्हणे. आणि मग सूर्यभानानं ग्यानबाला वर बोलावून हार घातला. म्हणाला, या गावातलं पहिलं काळं निशाण ह्या गड्यानं लावलं, त्यानंच मला काल सांगितलं, आता भ्यायचं काय कारण? त्यानं ग्यानबाला बोलायला सांगितलं. ग्यानबा लाजला, टोपी काढली आणि म्हणाला, व्हय, मुद्दाम लावलं व्हतं.

देवळाचं दार उघडं होतं. आत समई तेवत होती. कासाबाईला एवढंच दिसलं की पोरगं देवासमोर उभं राहून तिची शपथ खोटी पाडतंय. जिनं उभ्या जन्मात चारचौघांत तोंड उघडलं नाही, ती माणसं ढकलत फळीपर्यंत गेली.

"खोटं बोलतंय ते," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "घोंगडी वाळायलाच टाकली व्हती. मी टाकली. त्याला काय बी ठावं न्हाई. हाराच्या नादानं बोलायलाय."

मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळंच गाव हसायला लागलं. व्यंकटरावही हसले. ग्यानबाची मान, कान लाल झाले. त्यानं हार काढून फळीवर ठेवला आणि खाली उतरून सरळ घरी निघून गेला. कासाबाई देवळाकडं वळली, हात जोडले, आणि पुटपुटली, ऐकलंस न्हवं? तो खोटं बोलला. मी न्हाई.

ग्यानबा तिच्याशी दोन महिने बोलला नाही. गावातली पोरं त्याला घोंगडी वाळली का म्हणून चिडवायची, आणि तो खाली मान घालून जायचा. रोज संध्याकाळी कासाबाई त्याच्यापुढं भाकरी ठेवायची, तो तिच्याकडं न बघता खायचा. ती चुलीपाशी बसून त्याचं चावणं ऐकायची. तेवढं ऐकू येतंय ना, मग तिचं दुसरं काही मागणं नव्हतं.